मोहरीलांचा कॅनडा

मोहरील टीव्ही कधी बसून बघत नसत. घरात तीन जणांचा चांगला सोफा होता. गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाशी तासभर घासाघीस करून मीच तो त्यांना निम्म्या किमतीत मिळवून दिला होता. मोहरीलांनी त्याचा उपयोग एवढाच केला, की त्याच्या मागे उभं राहायचं, पाठीवर कोपरं टेकायची आणि बशीतला चहा फुरके मारत टीव्ही बघायचा. जाहिरात लागली की आवाज बंद. मग खोलीभर एक फेरी, खिडकीतून पार्किंगमधल्या गाडीवर एक नजर, आणि पुन्हा सोफ्यामागे.

"बसा की हो," मी सुरुवातीला म्हणायचो.

"बसलं का माणूस समोरचं सगळं खरं मानते, शेटे. उभं असलं का जरा शंका राहते."

या माणसाबद्दल मी लिहायला घेतलंय म्हणजे त्याच्यावरचा माझा राग गेला, असं कुणी समजू नये. राग आहे. तो मी नीट जपून ठेवलाय, आणि कशासाठी तेही सांगणार आहे.

मी बार्शीचा. डेट्रॉइटमध्ये मेहुण्याच्या पेट्रोल पंपावर बर्फ उपसण्यापासून सुरुवात केली आणि जवळच्या नोव्हाय गावात स्वतःचं किराणा दुकान टाकलं. मला कुणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही कुणाला पहिल्या बोलीत काही सोडलं नाही. मोहरील नागपूरचे, मोटारीच्या गिअरबॉक्सचे इंजिनिअर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. वर्क व्हिसावर आलेले आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेले. घरी वहिनी आणि मुलगी सानिका. कामावरून परतताना ते रोज दुकानात येत आणि रोज एकच वस्तू नेत. एक दिवस कोथिंबीर, दुसऱ्या दिवशी दही, तिसऱ्या दिवशी नुसतं आलं.

"आठवड्याचं एकदम न्या ना. पेट्रोल जाळत येता रोज."

"एकदम नेलं तर उद्या कोणत्या निमित्तानं येऊ?"

दुकानातही त्यांचा पाय ठरत नसे. बोलता बोलता डाळींच्या रांगेत जात, तिथून मोठ्यानं वाक्य पुरं करत, मसाल्यांकडून पुढचं सुरू करत. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस कुणाशी भांडतोय.

दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर अमेरिकेतला टीव्ही बिथरला होता. बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी पळायची. आज धोक्याचा रंग पिवळा, उद्या नारिंगी. मोहरील सारखे उठून दाराची कडी तपासायचे. एका रविवारी केबलचं बिल वाढलं म्हणून चिडून त्यांनी केबलच काढून टाकली आणि बाल्कनीत अँटेना लावला. तो फिरवता फिरवता एक चॅनल लागलं. सुटातली दोन माणसं दुधाच्या भावावरून भांडत होती. एक जण दुसऱ्याला जरा जास्त बोलला आणि मग त्यानं चक्क माफी मागितली. ती कॅनडाची संसद होती.

"बाप्पा," मोहरील दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "या लोकांच्या बातम्यांमध्ये कोणीच मेलं नाही! अर्धा तास पाहिलं मी!"

त्या दिवसापासून त्यांनी अमेरिकेतल्या बातम्या बघणं सोडून दिलं. मिशिगनमध्ये राहून या माणसाला शेजारच्या देशाचा अर्थमंत्री ओळखता यायचा, स्वतःच्या राज्याचा गव्हर्नर नाही. ऑफिसातले गोरे लोक फुटबॉलवर बोलत असताना हे मधेच कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं काय होणार, असं विचारत. ते लोक पुन्हा फुटबॉलकडे वळत. मग मोहरील माझ्याकडे येत.

त्यांनी माझ्या दुकानावरही अँटेना चढवायला लावला. काउंटरच्या मागे माझा छोटा टीव्ही होता. मी शिडीवर, मोहरील खाली उभे राहून हातवारे करताहेत.

"डावीकडे घ्या. अजून. अजून."

"अहो, कॅनडा उत्तरेला आहे. तुम्ही मला दक्षिणेला वळवताय."

"डेट्रॉइटच्या दक्षिणेलाच आहे कॅनडा. नदी तिथं वळण घेते. तुम्ही इतकी वर्षं राहून राहिले इथं, नकाशा नाही पाहिला कधी?"

मी शिडीवरूनच पैज मारली. एक किलो काजूची. हरलो. सगळा देश ज्याला डोक्यावर समजतो तो आपल्या पायाखाली निघाला, याचा आनंद त्या माणसाला काजूपेक्षा जास्त झाला होता. काजू त्यांनी घेतले मात्र.

आता खरी गोष्ट. मोहरीलांकडे कॅनडात कायमचं राहण्याचा परवाना होता. त्या काळात आमच्याकडची बरीच मंडळी असा परवाना काढून ठेवायची. इथलं काही बिनसलंच तर असू द्यावा जवळ, म्हणून. परवाना मिळाला की एकदा सीमा ओलांडून शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. मोहरील कुटुंबही दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पूल ओलांडून पलीकडच्या विंडसर गावात गेलं, शिक्के घेतले, कॉफी प्यायली आणि संध्याकाळच्या आत नोव्हायला परत आलं. पण मोहरीलांनी तो परवाना अडीअडचणीसाठी काढलेला नव्हता. त्यांना खरोखर जायचं होतं. अट अशी होती, की शिक्का मिळाल्यापासूनच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तिकडे काढायची. म्हणजे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यापर्यंत हललं नाही, तर परवाना गेला.

वहिनींचा नकार होता. "नागपूर मोडलं, पुणं मोडलं, ओहायो मोडलं. आता नोव्हाय मोडायचं नाही. कॅनडा बघितलाय मी. कॉफी बरी होती."

"सानिकाला विचारू," मोहरील म्हणत.

"ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिला यात ओढायचं नाही."

सानिका दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये अठराची होणार होती. परवान्याची मुदत संपायच्या जरासं आधी. मोहरील त्या एप्रिलची वाट बघत जगत होते. रोज माझ्या दुकानात येऊन, फेऱ्या मारत, कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात कॅनडाचं सरकार पडायला आलं. आधीच अल्पमतातलं सरकार, त्यात विश्वासाचं मतदान. मोहरील त्या दिवशी कामावरून लवकर सुटून थेट माझ्या दुकानात आले. काउंटरसमोर रांग होती. एक बाई भेंडी घेऊन उभ्या होत्या, आणि हे माझ्या आणि त्यांच्या मधून डोकं घालून टीव्ही बघताहेत.

"काका, बिल करायचंय मला," बाई म्हणाल्या.

"थांबा ना ताई, देश पडून राहिला एक!"

एकेक खासदार उठून उभा राहायचा, नाव घेतलं जायचं, खाली बसायचा. शेवटी मतं मोजली. बरोबरी. मग सभागृहाचा अध्यक्ष उठला, त्यानं आपलं मत सरकारच्या बाजूनं टाकलं, आणि सरकार वाचलं.

"म्हणजे हा सरकारचा माणूस," मी म्हणालो.

"त्यासाठी नाही ना!" मोहरील गरागरा फिरत म्हणाले. "आत्ता सांगून राहिला तो, ऐका. अध्यक्षाला एरवी मतच नाही. बरोबरी झाली तरच. आणि तेव्हाही स्वतःच्या आवडीनं नाही द्यायचं. जिथं बहुमत नाही तिथं खुर्चीनं बहुमत तयार करायचं नाही. आहे ते चालू ठेवायचं, बोलायला जागा ठेवायची. जैसे थे. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

"मग त्याला काय मिळालं?"

मोहरील पहिल्यांदा एका जागी थांबले. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना काजूचा भाव चुकीचा सांगितलाय. "काहीच नाही, शेटे. म्हणून तर."

भेंडीवाल्या बाई भेंडी काउंटरवर ठेवून निघून गेल्या होत्या.

आता माझा राग. त्याच वर्षी मी दुकानाच्या मागे स्वयंपाकघर काढलं. परवानग्या, भट्टी, मोठी पातेली, सोलापूरकडच्या हाताला चव असलेल्या एक मावशी, सगळं उभं केलं. ते चालायचं तर मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाचं काम मला मिळायला हवं होतं. ते एकदा मिळालं की लग्नं, बारशी, मुंजी आपोआप आल्या असत्या. वर्षानुवर्षं ते काम एका पंजाबी हॉटेलकडे होतं. दिवाळीला मराठी माणसं पनीर खायची. मी विचार केला, मंडळाचा अध्यक्षच आपला असला तर? आणि मोहरीलांना अध्यक्ष केलं. होय, मी केलं. घराघरांत फोन केले, कुणाला तांदळाच्या पोत्यावर सूट दिली, कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला सामोसे पाठवले. मोहरील नको नको म्हणत होते. निवडून आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बैठकीत मला बसावं लागेल काय?"

समितीची बैठक लायब्ररीच्या एका खोलीत होती. मी समितीत नव्हतो. भाव सांगायला आलेला माणूस म्हणून दाराजवळ उभा होतो. माझा भाव कमी होता. जेवण त्यांनी चाखलं होतं. तरी निम्मे हात माझ्या बाजूनं, निम्मे पनीरच्या. मग सगळ्यांनी मोहरीलांकडे बघितलं. मीही बघितलं, आणि खरं सांगतो, मी मनात मेनूसुद्धा ठरवायला लागलो होतो.

मोहरील खोलीला एक चक्कर मारून आले.

"खुर्चीचं मत," ते म्हणाले, "जैसे थे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी लायब्ररीत आहे हे विसरलो.

"मोहरील, माझं जेवण आवडतं की नाही तुम्हाला?"

"आवडते ना."

"भाव कमी आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"ते माझं मत झालं, शेटे. हे खुर्चीचं आहे. निम्म्या लोकांना बदल नको, तर तो मी एकट्यानं कसा करू? पुढच्या वर्षी पुन्हा आणा. एक हात जास्त आणा."

"आणि तोवर माझी भट्टी काय कॅनडाच्या सरकारवर पेटवू? मी तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं!"

"म्हणून तर आणखी जपून बसलं पाहिजे," ते म्हणाले. ते उभेच होते.

लायब्ररीच्या बाईंनी येऊन मला बाहेर काढलं. हिवाळा संपायच्या आत मी स्वयंपाकघर बंद केलं. मावशी मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या. आज त्या जागेत तांदळाची पोती आहेत. कधी आत गेलो की भट्टीची जागा दिसते आणि माझं डोकं पुन्हा तापतं.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. दुसरा कुणी असता तर त्यानं दुकान बदललं असतं. मैलभरावर गुजराती दुकान होतं, माझ्यापेक्षा स्वस्त. मोहरील रोज येत राहिले. एक वस्तू घ्यायची, काउंटरवर ठेवायची. मी न बघता बिल करायचो. त्यांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून ते भेंडीकडे तोंड करून बोलायचे. "पडलं बरं शेवटी सरकार." वांग्यांकडे वळून, "निवडणूक लागली. त्यांच्याकडे ऐन थंडीत." जानेवारीत, मुळ्यांना, "आलं नवीन. तेही अल्पमतातलंच." मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. टीव्ही कॅनडाचाच लागलेला असायचा, ही गोष्ट वेगळी. अँटेना वळवायला वर कोण चढणार?

एप्रिलमध्ये वहिनी स्वतः दुकानात आल्या. "भाऊजी, शनिवारी सानिकाचा वाढदिवस. जेवायला या. तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा. मी माझ्याकडून बोलावतेय." मग काउंटरवरच्या चिल्लरच्या बशीशी खेळत म्हणाल्या, "आणि त्या दिवशी घरात एक बाहेरचं माणूस असलेलं बरं."

मी गेलो. अपार्टमेंट तेच, सोफा तोच. जेवण झालं, केक झाला, सानिकाच्या मैत्रिणी गेल्या. वहिनी खिरीची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मोहरील सोफ्यामागे. त्यांनी टीव्ही बंद केला. तो बंद असलेला मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होतो.

"सानू, तुला माहीत आहे. मला जायचं आहे. आईला नाही. तू आता अठराची आहेस."

"बाबा, सीरियसली? आज?"

"मुदत आहे ना बेटा."

सानिकानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. ती उठली तेव्हा मला वाटलं, ही आता आत निघून जाणार. पण ती टीव्हीतल्या खासदारांसारखी ताठ उभी राहिली. गेली तीन-चार वर्षं बापाशेजारी उभी राहून तिनंही ते सगळं बघितलं होतं.

"आय अ‍ॅबस्टेन," ती म्हणाली. "मी व्होट देणार नाही, बाबा. आईच्या अगेन्स्ट नाही आणि तुमच्या अगेन्स्टपण नाही. यू कॅन बी मॅड अ‍ॅट मी." आणि तिला रडू फुटलं.

मला धीर धरवला नाही. घासाघिशीत समोरचा बोलत नाही तेव्हाच सौदा आपल्या बाजूला ओढायचा असतो, ही माझी सवय. "मोहरील, बघता काय? घरातले कर्ते तुम्ही. परवाना तुमच्यामुळे मिळालेला. चला म्हणा, या दोघी येतील. वहिनी रागावतील चार दिवस. तुमच्या हातात आहे हे!"

"हातात आहे, म्हणून तर," मोहरील म्हणाले.

मग त्यांनी सोफ्याला वळसा घातला आणि ते बसले. पहिल्यांदाच. एका टोकाला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, बंद टीव्हीसमोर.

"जैसे थे," ते म्हणाले.

वहिनी दारात तशाच उभ्या होत्या. जिंकलेल्या माणसाचा चेहरा मी रोज आरशात बघतो. तो तसा नव्हता. त्यांनी खिरीची वाटी नवऱ्याच्या हातात दिली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. सानिका मधे जाऊन बसली. तिघांना पुरतो तो सोफा. मी घेतानाच मोजून घेतला होता.

गाडी चालवत घरी येताना मी चिडलेलोच होतो. माझी खात्री होती, की हा नियम माझ्यासाठी होता; स्वतःची वेळ आली की माणूस थोडीफार सूट घेतोच. त्यांनी ती घेतली असती तर माझा राग किती सोपा झाला असता! आता त्याचं काय करायचं ते मला कळेना.

उन्हाळा आला, गेला, त्याबरोबर परवानाही गेला. मोहरील पुन्हा सोफ्यामागे उभे राहू लागले. मीही हळूहळू बोलायला लागलो, म्हणजे भेंडीमार्फत.

दोन हजार आठमध्ये मोटारींचा धंदा बसला. आमच्या भागात एकेक घर रिकामं व्हायला लागलं. मोहरीलांची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला दुसरी लगेच शोधावी लागते. त्यांना ती टेक्सासमध्ये, अर्विंगला मिळाली. गिअरबॉक्सशी काही संबंध नसलेली. सानिका मिशिगनमध्येच, अ‍ॅन आर्बरला कॉलेजात राहणार होती.

निघायच्या दिवशी सामानानं भरलेली गाडी माझ्या दुकानासमोर लागली. वहिनी गाडीतच होत्या. मोहरील आत आले, दुकानाला एक फेरी मारली आणि एक जुडी कोथिंबीर काउंटरवर ठेवली.

"टेक्सासला नेणार ही?"

"निमित्त लागते ना, शेटे."

मी पैसे घेतले. पैसे मी सोडत नाही.

"तिकडे अँटेनाला काय दिसणार?" मी विचारलं.

"मेक्सिको," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मग ते म्हणाले, "राग आहे काय अजून?"

"आहे."

"असू द्या. ठराव मागे घेऊ नका."

बाहेर जाऊन ते माझ्या छताकडे बघत उभे राहिले. अँटेना वाऱ्यानं थोडा फिरला असावा. त्यांनी काचेतून मला हातानं खूण केली: डावीकडे. अजून. अजून. मग ते गाडीपाशी गेले, तर वहिनी चालकाच्या जागेवर बसलेल्या. काहीतरी बोलणं झालं. ते शेजारी बसले.

आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यानं उजवीकडे वळलं की टेक्सासकडे नेणारा हायवे लागतो. डावीकडचा रस्ता डेट्रॉइटला जातो, नदीवर, पुलापाशी. आता तो पूल त्यांना नुसता बघण्यापुरताच होता. गाडी पार्किंगच्या तोंडाशी थांबली. मोहरील काचेतून हात बाहेर काढून उजवीकडे, उजवीकडे असं दाखवत होते. वहिनींनी तिकडे पाहिलंही नाही. गाडीचा डावा दिवा लुकलुकत होता.

त्या गाडीत मतदान झालेलं दिसत नव्हतं. गाडी डावीकडे वळली.